ऑनलाइन लिलाव आणि यंत्राची बोली

शेतकरी आणि लिलाव यांची ओळख नवी नाहीं. शनिशिंगणापूर, सोनई आणि आसपासच्या गांवांतील आमचे वाचक आपला कांदा घोडेगांवच्या बाजारांत नेतात. तेथें मालावर बोली पुकारली जाते, व्यापारी एकमेकांवर चढ करतात, आणि शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. या व्यवहारांत आपण नेहमीं विकणाराच्या बाजूस उभे असतों. घेणारांत चढाओढ झाली तर आपला लाभ आणि घेणारांनीं आंतून संगनमत केलें तर आपली हानि, हें कोणा पुस्तकानें आपणांस शिकवावें लागत नाहीं.

परंतु गेल्या कांहीं वर्षांत शेतकरी लिलावाच्या दुसऱ्या बाजूसहि जाऊं लागला आहे. बँकांनीं व कर्ज देणाऱ्या कंपन्यांनीं ओढून आणलेले ट्रॅक्टर, सरकारी खात्यांचीं जुनीं वाहनें, भंगार, इमारती लाकूड, गाळे व घरें यांचे लिलाव आतां संगणकावर व मोबाईलवर होतात. केंद्र सरकारच्या पोलाद मंत्रालयाखालील एम. एस. टी. सी. ही 1964 सालीं स्थापन झालेली कंपनी असे लिलाव चालविते. सरकारी बँकांच्या ताब्यांतील मालमत्तेसाठीं जानेवारी 1925 नव्हे, अगदीं अलीकडे, म्हणजे जानेवारी 2025 मध्यें, ‘बँकनेट’ हें स्थळ सुरू झालें. घरीं बसून बोली लावतां येते, आणि कित्येक स्थळांवर तर आपल्या वतीनें यंत्रच बोली लावीत राहतें. या यंत्राचा उपयोग केव्हां होतो, केव्हां होत नाहीं, आणि त्याच्या भरवशावर कोणतें काम सोडूं नये, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे.

लिलावाचे चार प्रकार

प्रथम लिलाव कोणत्या जातीचा आहे हें ओळखावें. जात न ओळखतां बोली लावणें म्हणजे जमीन न पाहतां बीं पेरणें होय.

पहिला प्रकार चढता उघड लिलाव. घोडेगांवीं आपण पाहतों तो हाच. दुसरा उतरता लिलाव. हॉलंडांत 1887 सालीं ब्रूक ऑप लांगेडाइक या गांवीं भाजीपाल्याचे असे लिलाव सुरू झाले. त्यांत मोठी किंमत दाखवून ती खालीं खालीं आणतात आणि जो प्रथम थांबवील त्यास माल मिळतो. तिसरा मोहोरबंद लिलाव. त्यांत प्रत्येकानें आपली किंमत बंद लखोट्यांत द्यावयाची. सर्वांत मोठी किंमत ज्याची, त्यानें लिहिलेली पूर्ण रक्कम भरून माल न्यावयाचा. चौथ्या प्रकारांतहि किंमत बंदच देतात. परंतु जिंकणाऱ्यानें आपली नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरावयाची असते.

याखेरीज आपल्या देशांत पूर्वीं हत्ता पद्धत होती. रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून भाव ठरे. ज्याचा माल त्यास आंत काय ठरलें तें दिसत नसे. 1928 सालीं शेतकी कमिशनानें नियंत्रित बाजारांची शिफारस केली. 1939 सालीं मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि 1963 सालीं महाराष्ट्रानें आपला कायदा केला. रुमाल जाऊन उघड बोली रूढ झाली ती या वाटेनें. 14 एप्रिल 2016 रोजीं सुरू झालेल्या ‘ई-नाम’ योजनेंत तीच बोली संगणकावर आली. रुमाल गेला हें खरें. परंतु पडद्यामागें काय चाललें आहे हें पाहण्याची गरज गेली नाहीं.

यंत्र बोली कशी लावतें

आपण यंत्रास एकच आंकडा सांगतों : “याहून अधिक मी देणार नाहीं.” यंत्र तो आंकडा लगेच बोलत नाहीं. समोरचा जितकें चढेल त्याच्यावर एक पायरी, इतकेंच तें चढतें, आणि आपली मर्यादा आली म्हणजे थांबतें.

समजा, एका जुन्या ट्रॅक्टरची मूळ किंमत 1,20,000 रुपये ठेविली आहे आणि बोलीची पायरी 5,000 रुपयांची आहे. आपण यंत्रास 2,40,000 ही मर्यादा दिली. दुसरा एक गृहस्थ वाढवीत वाढवीत 2,15,000 पर्यंत आला आणि थांबला. यंत्र 2,20,000 बोलेल व ट्रॅक्टर आपल्या नांवें होईल. आपण 2,40,000 देण्यास तयार होतों, तरी 20,000 रुपये आपल्या गांठीसच राहिले.

म्हणजे हा उघड लिलाव फळानें वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारासारखाच झाला : जिंकतो तो सर्वांत मोठी किंमत मनांत धरणारा, परंतु देतो तो दुसऱ्याच्या किमतीहून जेमतेम अधिक. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानें 1961 सालीं अशा लिलावाचें गणित मांडलें. 1996 सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या विचाराचा सारांश शेतकऱ्याच्या भाषेंत असा : जेथें दुसऱ्याच्या किमतीवर माल मिळतो, तेथें आपली खरी किंमत सांगण्यांतच शहाणपण आहे. कमी सांगितल्यानें द्यावयाची रक्कम कमी होत नाहीं. केवळ परवडण्याजोगा माल हातचा जाण्याचा धोका वाढतो. अधिक सांगितलें तर न परवडणारा माल गळ्यांत पडतो.

मात्र हा नियम मोहोरबंद लिलावास लावूं नये. तेथें जें लिहूं तेंच भरावें लागतें. म्हणून तेथें आपल्या खऱ्या किमतीहून कांहीं कमीच लिहिलें पाहिजे, नाहीं तर जिंकूनहि पदरीं कांहीं उरत नाहीं. लिलावाची जात प्रथम ओळखा, असें आम्ही म्हटलें तें याचसाठीं.

शेवटच्या क्षणाची बोली

कांहीं जण दुसऱ्या प्रकारच्या यंत्राची महती सांगतात. हें यंत्र शेवटपर्यंत गप्प बसतें आणि लिलाव मिटण्यास कांहीं सेकंद उरले असतां एकदम बोली टाकतें. इतरांस उत्तर देण्यास वेळच उरत नाहीं, आणि माल स्वस्तांत मिळतो, अशी कल्पना.

ही कल्पना निराधार नाहीं. पियर ओमिद्यार यांनीं 1995 सालीं अमेरिकेंत काढलेल्या ‘ईबे’ या स्थळावर लिलाव ठरल्या क्षणीं मिटत असे. आल्विन रॉथ व आक्सेल ओकेनफेल्स या दोघां अभ्यासकांनीं त्याची तुलना ‘अॅमेझॉन’च्या त्या वेळच्या लिलावांशीं केली आणि 2002 सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अॅमेझॉनवर अखेरीस बोली आली तर दहा मिनिटें शांततेंत जाईपर्यंत लिलाव पुढें चाले. ईबेवर शेवटच्या क्षणीं बोलींची गर्दी उसळे. अॅमेझॉनवर ती पुष्कळ कमी आढळली. याचें कारण उघड आहे. वेळ वाढत असेल तर लपून बसून लाभ काय ? आपल्या देशांतहि ‘बाझी’ हें लिलावस्थळ 2000 सालीं निघालें, तें 2004 सालीं ईबेनें विकत घेतलें, आणि ईबेचें भारतांतील तें दुकान 2018 सालीं बंद झालें.

आतां आपल्याकडील बँकांच्या व सरकारी मालाच्या लिलावांत वेळ वाढविण्याची रीत सर्रास आहे. शेवटच्या कांहीं मिनिटांत बोली आली कीं मुदत तितकीच पुढें जाते. अशा ठिकाणीं शेवटच्या क्षणाचें यंत्र घेऊन बसणें म्हणजे पाऊस पडून गेल्यावर मोट जुंपण्यासारखें आहे. उलट त्यांत एक हानि निश्चित आहे. आमच्या खेड्यांत वीज केव्हां जाईल आणि मोबाईलची लहर केव्हां तुटेल याचा नेम नाहीं. शेवटच्या पांच सेकंदांवर ठेविलेली बोली पोंचलीच नाहीं तर दाद कोणाकडे मागावयाची ? शिवाय दोघांनीं समान मर्यादा दिली असतां जिची नोंद आधीं झाली ती बोली टिकते, असा नियम पुष्कळ ठिकाणीं असतो. म्हणून जेथें मुदत वाढते व यंत्राची बोली मान्य आहे, तेथें विचारपूर्वक ठरविलेली मर्यादा वेळीं नोंदवून शेताकडे जावें, हेंच उत्तम.

मर्यादा कशी काढावी

यंत्र आपली आज्ञा अचूक पाळतें. परंतु आज्ञा बरोबर आहे कीं नाहीं हें त्यास कळत नाहीं. म्हणून खरें काम मर्यादा काढण्याचें आहे, आणि तें पडद्यासमोर नव्हे, तर मालासमोर उभें राहून करावें. पुढील आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं घेतले आहेत.

त्याच सालचा, त्याच शक्तीचा, चालू स्थितींतील ट्रॅक्टर आपल्या भागांत 3,00,000 रुपयांस मिळतो असें धरूं. लिलावांतील ट्रॅक्टर मिस्त्रीस बरोबर नेऊन पाहिला. टायर बदलण्यास 45,000, इंजिनाच्या कामास 40,000, कागदपत्रें व विमा यांस 10,000, गांवीं आणण्यास 5,000, आणि न दिसलेल्या दोषांसाठीं 20,000. एकूण वजावट 1,20,000. उरले 1,80,000. हा ट्रॅक्टर घरीं येऊन उभा राहीपर्यंत आपण एवढेच द्यावे.

पण येथेंच थांबूं नये. लिलावाच्या अटींत बोलीवर वेगळा आकार किंवा कर लिहिला आहे काय, तें पाहावें. तो शेंकडा 5 असेल तर 1,80,000 ही बोलीची मर्यादा होऊं शकत नाहीं. 1,80,000 यास 1.05 नें भागावें, 1,71,428 येतात. बोलीची पायरी 5,000 ची असल्यास आपली मर्यादा 1,70,000. त्यावर आकार 8,500 मिळून 1,78,500 होतात. हा हिशेब कागदावर लिहावा व घरांतील कर्त्या माणसांस दाखवावा. जो आंकडा घरांत सांगण्यास संकोच वाटतो, तो यंत्रास सांगूं नये.

न दिसलेल्या दोषांसाठीं 20,000 कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, पुष्कळ जण एकाच वस्तूची किंमत अंदाजानें करीत असतां कोणाचा अंदाज कमी होतो, कोणाचा अधिक. आणि लिलाव जिंकतो तो बहुधा सर्वांत अधिक चुकलेला. अमेरिकेंतील एका तेल कंपनीच्या तिघां इंजिनिअरांनीं 1971 सालीं हें दाखवून दिलें. समुद्रांतील तेलाचे पट्टे लिलावांत जिंकूनहि कंपन्यांस अपेक्षित लाभ होत नव्हता, त्याचें कारण हेंच होतें. रॉबर्ट विल्सन व पॉल मिल्ग्रोम यांस 2020 सालीं लिलावांच्या ज्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या दोषाचें विवेचन आहे. तेव्हां जिंकल्याबरोबर आनंद मानण्यापूर्वीं, “इतर सर्व जण माझ्या आधीं कां थांबले ?” असा प्रश्न बोली लावण्याच्या अगोदरच विचारावा.

आमच्या हातून झालेली चूक

हा उपदेश आम्ही दुरून करीत नाहीं. एकदां एका लिलावांत ट्रॉली घ्यावयाची म्हणून आम्हीं घरीं 70,000 ची मर्यादा ठरविली. यंत्राची बोली लावण्याची सोय होती. पण आपल्याच हातानें बोली लावण्यांत मजा आहे असें वाटलें. 70,000 झाले. समोरचा 72,000 वर गेला. आम्हीं 74,000 केले. ट्रॉलीची किंमत बाजूस राहिली आणि न पाहिलेल्या माणसाशीं इरेस पेटलों. शेवटीं 92,000 ला ट्रॉली आमची झाली. आणल्यावर तळाचा पत्रा कुजलेला आढळला, कारण आम्हीं छायाचित्रच पाहिलें होतें. पुढें कळलें कीं शेजारच्या गांवीं तशीच धड ट्रॉली याहून कमी पैशांत मिळत होती. त्या 22,000 रुपयांत त्या वर्षींचें कांद्याचें बीं व खत आलें असतें. ठिबकाची दुरुस्ती मात्र पुढील वर्षावर गेली.

यंत्राचा खरा गुण येथें दिसतो. त्यास इरेस पेटतां येत नाहीं. शांत चित्तानें घेतलेला निर्णय तापलेल्या चित्तापासून वांचविणें, हाच त्याचा मोठा उपयोग. स्वस्त माल मिळवून देणें हा दुसरा.

किल्ली कोणास द्यावी ?

शनिशिंगणापूरच्या घरांस दारें व कुलुपें नसतात ही ख्याति दूरवर आहे. 2011 सालीं तेथें युको बँकेची शाखा निघाली, तीहि कुलुपाविना म्हणून गाजली. परंतु तिला पारदर्शक दार आहे आणि सहसा दृष्टीस न पडणारें विद्युच्चुंबकीय कुलूप आहे, असें तेव्हांच छापून आलें होतें. यांतून घेण्यासारखा बोध असा कीं, जेथें दुसऱ्याची ठेव आहे तेथें श्रद्धा असतांहि व्यवस्था ठेवावीच लागते. घराचें दार उघडें ठेवणें हा गांवाचा परस्पर विश्वास आहे; पासवर्ड उघडा ठेवणें हा मात्र निव्वळ गाफीलपणा होय.

लिलावस्थळानेंच आपल्या आंत पुरविलेली यंत्राची बोली वेगळी, आणि बाहेरच्या कोणी विकलेलें यंत्र वेगळें. बाहेरचें यंत्र चालावयाचें तर त्यास आपलें नांव व पासवर्ड द्यावा लागतो. कांहीं सरकारी लिलावांत डिजिटल सहीहि लागते. ती दुसऱ्याच्या हवालीं करणें म्हणजे कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठवून देणेंच आहे. त्यानें लावलेली बोली कायद्यानें आपली ठरते. कित्येक स्थळांच्या अटींत बाहेरच्या यंत्रास मनाईहि असते. ती मोडल्यास अनामत अडकून पडण्याचा संभव आहे. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणासहि सांगूं नये. ट्रॅक्टर अर्ध्या किमतींत, पण आधीं पैसे पाठवा, अशी चिठ्ठी आली तर ती टाकून द्यावी. खऱ्या लिलावाची जाहिरात बँकेच्या शाखेंत जाऊन पडताळतां येते, माल डोळ्यांनीं पाहतां येतो, आणि अनामत संस्थेच्या खात्यांत जाते, कोणा माणसाच्या नव्हे.

जिंकल्यानंतरचीं बंधनें

बोली जिंकली कीं घड्याळ सुरू होतें. सरफेसी कायद्याखालीं (2002) स्थावर मालमत्ता घेतल्यास अनामत धरून किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशीं किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशीं भरावा लागतो, आणि बाकी रक्कम विक्री कायम झाल्यापासून साधारणपणें 15 दिवसांत. न भरल्यास भरलेलें बुडतें. म्हणून पैशाची सोय आधीं, बोली नंतर. माल ‘आहे तेथें, आहे तसा’ विकला जातो. मागील थकबाकी व भानगडी शोधणें घेणाऱ्याचें काम. शेतजमिनीवरील तारण या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हां कोणी शेतजमीन याच कायद्यानें विकत असल्याचें सांगितलें तर वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. सरकारनें किंवा सरकारच्या वतीनें केलेल्या लिलावांतील वाहन घेतल्यास तें आपल्या नांवें करण्यासाठीं ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 चा अर्ज आर. टी. ओ. कडे करावा. बँकेनें ओढलेल्या वाहनाचे कागद वेगळे असतात. ते कोणते व कोण देणार, हें बोलीपूर्वींच लेखी विचारून घ्यावें.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. ओढून नेलेला ट्रॅक्टर हा बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याचा असतो. लिलावांत आलेली रक्कम त्याच्या कर्जांत वळती होते आणि देणें फिटून कांहीं उरलें तर तें त्याचें असतें. म्हणून चार जणांनीं मिळून, “तूं या ट्रॅक्टरवर बोलूं नकोस, मी त्यावर बोलत नाहीं,” असें ठरविणें हें त्याच्या पोटावर मारणें आहे. बोलींतील असें संगनमत 2002 च्या स्पर्धा कायद्यानेंहि निषिद्ध आहे. व्यापाऱ्यांनीं आपल्या कांद्यावर जें केलें असतां आपण बाजार बंद पाडतों, तें आपण दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर करूं नये. प्रामाणिक मर्यादा ठेवून स्वस्तांत माल मिळणें हा लाभ. इतरांचीं तोंडें बंद करून मिळणें ही लूट.

सारांश

लिलावाची जात व मुदतवाढीची अट आधीं वाचावी. माल जाणत्या मिस्त्रीसह पाहावा. दुरुस्ती, वाहतूक, कागद, आकार व अदृश्य दोष वजा करून मर्यादा काढावी आणि ती कागदावर लिहावी. स्थळाचीच यंत्राची बोली मिळत असेल तर ती वापरावी. बाहेरच्यास पासवर्ड देऊं नये. मर्यादा ओलांडली गेली तर हळहळ न करतां उठावें. ट्रॅक्टर पुढच्या महिन्यांतहि विकावयास येतात. कर्जाच्या हप्त्यास मात्र पुढचा महिना चुकत नाहीं.

ज्या सभासदांस प्रथमच अशा लिलावांत उतरावयाचें असेल त्यांनीं एकट्यानें न बसतां, पूर्वीं व्यवहार केलेल्या शेजाऱ्यास जवळ घेऊन बसावें, आणि आपला हिशेबाचा कागद त्याच्या हातीं द्यावा. मर्यादेच्या वर बोट जाऊं लागलें तर हात धरणारा कोणी तरी जवळ असलेला बरा.